दोन हजार रुपयांत एकाच जमातीचा मॅजिक डेक : कोल्हापुरातून सल्ला हवा आहे

कळंबारोड
नमस्कार. आम्ही चौघे मित्र दर रविवारी संध्याकाळी राजारामपुरीत एकाच्या घरी जमून 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळतो. आजवर मी मित्राचेच जुने डेक (निवडून रचलेल्या पानांच्या गड्ड्या) उसने घेऊन खेळत आलो, पण दुसऱ्याच्या डेकने जिंकल्यावर तो मित्र स्वतःच जिंकल्यासारखा मिरवतो, हे आता सोसत नाही. म्हणून स्वतःचा डेक बांधायचे ठरवले आहे. खर्चाची मर्यादा दोन हजार रुपये असून त्यात टपालखर्च आणि स्लीव्हही (पानांवर चढवायची प्लास्टिकची आवरणे) आले.

माझी अट एकच आहे. सर्व क्रीचर, म्हणजे मैदानात लढणाऱ्या पात्रांची पाने, एकाच जमातीचे असावेत. मन ड्रॅगनवर बसले आहे. १९९३ सालच्या पहिल्याच संचातील शिवन ड्रॅगनचे चित्र पाहूनच मी या खेळाकडे वळलो. आत काय निघेल ते न कळणारी बूस्टर पाकिटे फोडून काही पाने जमवली आहेत, परंतु त्यांत ड्रॅगन एकच निघाला आणि बाकी सगळी पाने जत्रेतल्या गर्दीसारखी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेली आहेत. पुढे काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना_गडी
पहिली गोष्ट, पाकिटे फोडणे आजपासून बंद करा. पाकीट हा डेक बांधण्याचा मार्ग नव्हे. तो लॉटरीचा मार्ग आहे. ज्या पानाची गरज आहे, तेच पान सुटे विकत घ्यावे.

आता ड्रॅगनविषयी. आपले मन मोडणे जिवावर येते, पण शिवन ड्रॅगनला सहा मॅना लागतात. मॅना म्हणजे पान टाकण्यासाठी मोजायची किंमत, आणि तो देणारे पान म्हणजे लँड. दर पाळीला एक लँड या हिशोबाने तो सहाव्या पाळीला मैदानात येणार, आणि समोरच्याने निळ्या रंगाचे दोन मॅना खर्चून काउंटरस्पेल टाकले की तो मैदानात येतच नाही. सहा पाळ्यांची तयारी दोन मॅनात संपते. शिवाय चांगले ड्रॅगन बहुतेक रेअर (दुर्मीळ) किंवा त्याहून वरच्या दर्जाचे असतात. म्हणजे ही जमात मॅनाच्या दृष्टीनेही महाग आणि खिशाच्या दृष्टीनेही महाग. दोन हजारांत ड्रॅगनचा डेक होईल, नाही असे नाही; परंतु तो महागड्या डेकची उतरलेली नक्कल असेल, आणि अशा नकलेत नेमकी तीच पाने गळालेली असतात ज्यांच्यामुळे मूळ डेक चालतो.

म्हणून माझे मत असे की, ज्या जमातीचे खरे बळच कॉमन, म्हणजे सर्रास मिळणाऱ्या, पानांत आहे, तीच जमात निवडावी. मग स्वस्त पाने ही तडजोड राहत नाही. यासाठी पॉपर नावाचा खेळप्रकार पाहावा. त्यात साठ पानांचा डेक असतो आणि त्यातील प्रत्येक पान कोणत्या ना कोणत्या संचात कॉमन म्हणून छापले गेलेले असावे लागते. मूलभूत लँड सोडून एका नावाच्या चारपेक्षा जास्त प्रती चालत नाहीत. २०१९ पासून या प्रकाराला अधिकृत मान्यता आहे. आपल्या चौघांपैकी इतर कोणी पॉपर खेळत नसले तरी काही बिघडत नाही, कारण नीट बांधलेला पॉपर डेक घरगुती खेळात कोणाच्याही डेकसमोर उभा राहू शकतो.

जमात म्हणाल, तर मी एल्फ सुचवीन.

कळंबारोड
एल्फ? चित्रांत ते कान लांब केलेले सडपातळ वनवासी दिसतात. एक-एक ताकदीच्या क्रीचरांनी समोरच्याचे वीस लाइफ (प्राण) कधी संपायचे? माझा सूर उद्धट वाटला तर क्षमस्व, पण खरोखरच समजून घ्यायचे आहे.

जुना_गडी
उद्धट मुळीच नाही. हाच प्रश्न मीही एकेकाळी विचारला होता. एल्फ एकेकटा दुबळाच असतो. पण या जमातीतील बरीच पाने एकमेकांना मोजतात, आणि जमातीचा डेक म्हणजे नेमके तेच असते. नुसते एकाच जातीचे तीस क्रीचर एकत्र आणले की चित्रांचा आल्बम होतो.

लॅनोवर एल्फ्स हे पान घ्या. एक हिरवा मॅना देऊन ते मैदानात येते आणि पुढच्या पाळीपासून टॅप केले, म्हणजे आडवे केले, की एक हिरवा मॅना देते. फिंडहॉर्न एल्फ्स आणि एल्व्हिश मिस्टिक ही दोन पाने नाव वगळता हुबेहूब तेच काम करतात. नियम चार प्रतींचा असला तरी तो प्रत्येक नावाला वेगळा लागू होतो. त्यामुळे तीन नावांखाली तेच पान बारा वेळा ठेवता येते. त्यानंतर प्रीस्ट ऑफ टायटॅनिया येते. ते टॅप केले की मैदानात जितके एल्फ असतील तितके हिरवे मॅना मिळतात. पाच एल्फ असतील तर एका पानातून पाच मॅना. लिस अलाना हंटमास्टर मैदानात असताना आपण कोणताही एल्फ टाकला की एक-एक ताकदीचे एल्फाचे टोकन (पानाऐवजी खूण ठेवून धरलेला क्रीचर) फुकट मिळते. टिंबरवॉच एल्फ टॅप केला की मैदानातील एल्फांच्या संख्येइतके बळ कोणत्याही एका क्रीचरला त्या पाळीपुरते मिळते. चढाई केल्यावर समोरच्याने कोणाकोणाला अडवले ते पाहून घ्यावे, आणि जो अडवला गेला नाही त्याला हे बळ द्यावे. सडपातळ वनवासी एकदम आठ-नऊ ताकदीचा होतो.

तालमीत एकटा पोरगा जोर मारताना पाहिला तर त्यात विशेष काही वाटत नाही. तीच पोरे ओळीने आखाड्यात उतरली की मग पाहावे.

खासबाग
गडीसाहेबांचा मुद्दा मान्य, पण निवडीविषयी माझे मत वेगळे आहे. नवख्या माणसाला एल्फ देऊ नयेत. एल्फांचा डेक म्हणजे दर पाळीला हिशोबाची वही उघडणे आहे. त्यापेक्षा स्लिव्हर द्यावेत. ही जमात १९९७ सालच्या टेम्पेस्ट संचापासून आहे आणि तिचा नियम शाळकरी मुलालाही कळतो : एकाला जे मिळते ते सर्वांना मिळते. मसल स्लिव्हर आणि सिन्यू स्लिव्हर दोन्ही दोन मॅनाचे असून दोन्ही सर्व स्लिव्हरांना एकेक ताकद वाढवतात. प्रिडेटरी स्लिव्हरही तेच करतो, मात्र फक्त आपल्या बाजूच्या स्लिव्हरांना. सगळी कॉमन पाने आहेत. टाका आणि चढाई करा.

जुना_गडी
स्लिव्हर उत्तम आहेत, नाकारत नाही. अडचण लँडची आहे. सिन्यू पांढरा आणि मसल व प्रिडेटरी हिरवे, म्हणजे किमान दोन रंग झाले. दोन रंग नीट चालवायचे तर दोन रंगांचा मॅना देणारी लँड लागतात, आणि नवखा माणूस पैसे वाचवतो तो नेमका तिथेच. मग हातात तीन पांढरी पाने आणि समोर तीन फॉरेस्ट, म्हणजे हिरवा मॅना देणारी लँड, अशी पाळी येते. एल्फांना एकच रंग पुरतो, आणि फॉरेस्ट तर कोणीही मूठभर तसेच देऊन टाकतो. हिशोबाची वही उघडावी लागते हे मात्र खरे.

गंगावेस
वही उघडायचीच असेल तर मी मदत करतो. आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा विषय आहे.

साठ पानांत लॅनोवर एल्फ्स चारच ठेवले, तर सुरुवातीच्या सात पानांत त्यातील किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. फिंडहॉर्न धरून आठ केले तर ती ६५ टक्क्यांवर जाते, आणि मिस्टिकसह बारा केले तर ८१ टक्के होते. म्हणजे पाचांपैकी चार डावांत पहिल्याच पाळीला मॅना देणारा एल्फ हाताशी असेल. गडीसाहेबांनी सांगितलेली तीन नावांची युक्ती किती मोलाची आहे ते यावरून लक्षात यावे. याच कारणामुळे एखाद्या आकर्षक पानाची एकच प्रत डेकमध्ये घालण्याला माझा विरोध असतो. साठांतील एकुलते पान पहिल्या सातांत येण्याची शक्यता बारा टक्क्यांच्या आतच राहते.

लँडविषयीही सांगतो. सोळा फॉरेस्ट ठेवली तर दहांपैकी एका डावात सुरुवातीला एकही फॉरेस्ट हाती येत नाही. तसे झाले की मुकाट्याने पाने परत पिसावीत. सध्याच्या नियमाप्रमाणे पुन्हा सातच पाने उचलायची असतात आणि त्यातील एक गड्डीच्या तळाशी ठेवायचे असते. शिक्षा एका पानाचीच आहे. 'येईल पुढच्या पानाला' या आशेवर बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

सावंतवाडीकर
पत्त्यांचा विषय निघाला म्हणून एक आठवण. आमच्याकडील दशावतारी गंजिफाही एका अर्थाने जमातींचाच खेळ आहे : दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण एकशेवीस गोल पाने. मत्स्य, कूर्म आणि वराह तर अस्सल प्राणीच आहेत. एवढेच सांगायचे होते, चालू द्या.

कळंबारोड
आठवण आवडली, पण वराहाला पॉपरमध्ये मान्यता मिळणार नाही.

ड्रॅगनचा हट्ट मी सोडला आहे. एक शंका राहते. हे एल्फ भराभर मैदानात गेले की हात रिकामा होणार. मग पाळीला एकच पान ओढत बसायचे का?

जुना_गडी
हा खरा प्रश्न. पैसे खर्च करायचे तर इथे करावेत, कारण हात भरणारी पाने नसलेला एल्फ डेक चौथ्या पाळीनंतर दम टाकतो.

लीड द स्टँपीड हे तीन मॅनाचे पान घ्यावे. गड्डीच्या वरची पाच पाने पाहायची, त्यातील जितकी क्रीचर असतील तितकी दाखवून हातात घ्यायची आणि उरलेली तळाशी ठेवायची. वाइंडिंग वे हे दोन मॅनाचे पान. त्यात आधी क्रीचर किंवा लँड यांपैकी एक प्रकार सांगायचा, वरची चार पाने उघडायची, त्या प्रकारची सर्व पाने हातात आणि बाकीची ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे बाद पानांच्या ढिगात. माझ्या हिशोबाने डेक असा असावा : लॅनोवर, फिंडहॉर्न, मिस्टिक, प्रीस्ट ऑफ टायटॅनिया, क्विरिअन रेंजर, एल्व्हिश व्हिजनरी आणि हंटमास्टर प्रत्येकी चार, टिंबरवॉच आणि बर्चलोर रेंजर्स प्रत्येकी तीन, वेलविशर दोन. हे छत्तीस क्रीचर झाले. त्यावर लीड द स्टँपीड चार, वाइंडिंग वे चार आणि फॉरेस्ट सोळा.

क्विरिअन रेंजरवर जरा थांबतो, कारण हे पान वाचून त्याची किंमत कळत नाही. आपल्या ताब्यातील एक फॉरेस्ट हातात परत घ्यायचे, त्याबदल्यात एक टॅप झालेला क्रीचर पुन्हा उभा करायचा, पाळीत एकदाच. फॉरेस्ट परत घेणे हे नुकसान वाटते. आता दुसरी पाळी पाहा. मैदानात एकच फॉरेस्ट आणि एक लॅनोवर आहे, हातात दुसरे लँड नाही. दोन्ही टॅप केले, दोन मॅना आले, त्यातील एक देऊन रेंजर टाकला. टॅप झालेले फॉरेस्ट हातात घेतले, लॅनोवर उभा केला आणि पुन्हा टॅप केला. तेच फॉरेस्ट या पाळीचे लँड म्हणून पुन्हा खाली ठेवले आणि तेही टॅप केले. रेंजर मैदानात आला आणि तीन मॅना अजून शिल्लक आहेत. लीड द स्टँपीड लगेच टाकता येते. एवढे सगळे एका लँडवर.

बर्चलोर रेंजर्सचीही एक खुबी आहे. मैदानात नुकताच आलेला क्रीचर स्वतःच्या टॅपची क्षमता त्याच पाळीत वापरू शकत नाही, हे आपणास ठाऊक असेलच. परंतु बर्चलोर दोन उभ्या एल्फांना आडवे करून एक मॅना देते, आणि ती किंमत त्या एल्फांच्या स्वतःच्या क्षमतेची नसल्यामुळे नुकतेच आलेले एल्फही चालतात. या एका बारकाव्यावरून आमच्याकडे एकदा अर्धा तास वाद झाला होता, चहा गार झाला.

गंगावेस
छत्तीस क्रीचर असतील तर लीड द स्टँपीडमधून सरासरी बरोबर तीन पाने हाती येतात, वाइंडिंग वेमधून दोन पूर्णांक चार. तीन मॅनात तीन पाने हा व्यवहार चांगला आहे. यावरूनच दुसरी गोष्ट निघते : 'छान दिसते' म्हणून क्रीचर नसलेले प्रत्येक जादा पान या दोन्ही पानांना थोडे थोडे बोथट करते.

खासबाग
आता मी विरोधी पक्षाचे काम करतो. समोर लाल डेक असेल आणि त्याने फायरी कॅननेड टाकले, तर समुद्री चाचे सोडून मैदानातील प्रत्येक क्रीचरला दोन-दोन इजा होतात. हंटमास्टर तीन-तीन ताकदीचा म्हणून तेवढा वाचेल. बाकी सगळी वस्ती साफ. काळ्या डेकमध्ये क्रिप्ट रॅट्स आहेत, त्यांची तर इजा किती करायची हे टाकणाराच मॅना पाहून ठरवतो. इलेक्ट्रिकरी वाढीव किमतीने टाकले तर टाकणाऱ्याचे सोडून फक्त आपल्या प्रत्येक क्रीचरला एक इजा होते. याचे उत्तर काय?

जुना_गडी
उत्तर हाच या डेकमधला सर्वात अवघड धडा आहे. हातात आहे म्हणून टाकायचे नाही. समोरच्याला हरवायला जेवढे एल्फ पुरेसे आहेत तेवढेच मैदानात उतरवावेत, आणि हातात एक हंटमास्टर व एक लीड द स्टँपीड नेहमी राखून ठेवावे. सगळी वस्ती साफ झाली तरी पुढच्या दोन पाळ्यांत ती पुन्हा उभी राहते. इलेक्ट्रिकरीसाठी राखीव पंधरा पानांत स्पायडरसिल्क आर्मर ठेवावे. त्याने आपल्या प्रत्येक क्रीचरची सहनशक्ती एकाने वाढते आणि एकच इजा करणारे पान वाया जाते. कॅननेडपुढे मात्र ते पुरत नाही. तिथे हात राखणेच खरे.

पावसाळी_पाखरू
डेक बांधण्याचे ज्ञान मला नाही, पण पाने गमावण्याचे आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीतील आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा माझा पानांचा खोका कपाटाच्या सर्वात खालच्या कप्प्यात होता. नंतर उघडला तेव्हा पानांची एक वीट झाली होती. तेव्हा खोका वरच्या कप्प्यात ठेवा, इतका साधा सल्ला.

पूर नसतानाही कोल्हापूरचा पावसाळा या पानांना मानवत नाही. चकचकीत फॉइल पाने तर जूनपासूनच वाकू लागतात, कारण कागद ओल शोषतो आणि वरचा पातळ थर शोषत नाही. स्वस्त डेकमध्ये फॉइल नकोच. साधे पान स्वस्तही असते आणि सरळही राहते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

स्लीव्ह घेताना माप पाहावे. मॅजिकचे पान ६३ बाय ८८ मिलिमीटरचे असते. मी एकदा घाईत लहान जपानी मापाचे पाकीट मागवले. साठ स्लीव्हांपैकी एकातही पान गेले नाही. मागची बाजू अपारदर्शक असलेलीच घ्यावीत.

कळंबारोड
सर्वांचे मनापासून आभार. सुटी पाने बाहेरगावच्या विक्रेत्याकडूनच मागवावी लागतील असे दिसते. खोटी पाने येण्याची भीती कितपत आहे?

जुना_गडी
कॉमन पानांची नक्कल करण्यात कोणाला फारसा फायदा नसतो, त्यामुळे भीती कमी. तरीही क्विरिअन रेंजरसारखी जरा किंमत असलेली पाने तपासून घ्यावीत. पानाच्या मागे पाच रंगांची वर्तुळे असतात. त्यातील हिरव्या वर्तुळावर भिंग धरले की खऱ्या पानात चार लाल ठिपके इंग्रजी एल अक्षराच्या आकारात दिसतात. साध्या भिंगाने जमत नाही. मी गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे जाऊन त्याचे डोळ्याला लावायचे भिंग मागून घेतले होते. त्याने आधी हिरा समजून हात पुढे केला, मग पत्ता पाहून माझ्याकडे पाहिले.

एक गोष्ट आणखी. सगळी पाने एकाच विक्रेत्याकडून एकाच वेळी घ्यावीत. मी पहिल्या डेकची पाने चार ठिकाणांहून मागवली होती आणि टपालखर्चच पानांच्या किमतीच्या बरोबरीला आला. त्यातही एका ठिकाणाहून 'नव्यासारखी' म्हणून आलेल्या पानांवर चहाचा गोल डाग होता. म्हणूनच मागवण्यापूर्वी चिठ्ठ्या लावून खेळून पाहा. पत्त्यांचा जुना कॅट घ्यावा, पानांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्लीव्हमध्ये पुढे सराव्यात आणि दोन रविवार खेळावे. मित्रांमध्ये याला कोणाची हरकत नसते. अधिकृत स्पर्धेत मात्र असे पान चालत नाही.

कळंबारोड
महिन्याभराने लिहितो आहे.

चिठ्ठ्यांवर तीन रविवार खेळलो. पहिल्या रविवारी सर्व डाव हरलो, कारण हातात आले ते टाकत गेलो आणि खासबाग यांनी सांगितले तसेच झाले : पाचव्या पाळीला कॅननेड, आणि माझ्यासमोर फक्त फॉरेस्ट. दुसऱ्या रविवारी हात राखून खेळलो. तिसऱ्या रविवारी रेंजरची ती एका लँडची युक्ती जमली तेव्हा मित्राने नियम दोनदा वाचून घेतला. त्यानंतर एक वेलविशर कमी करून चौथे टिंबरवॉच घेतले आणि सगळी पाने एकाच ठिकाणाहून मागवली. फॉरेस्ट मित्रांनीच दिली. स्लीव्ह धरून खर्च मर्यादेच्या आत राहिला.

कालची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आमच्यातील एकाने हा धागा गुपचूप वाचून स्वतःही एल्फांचाच डेक बांधून आणला. डाव लांबला. माझ्याकडे दोन लॅनोवर, एक प्रीस्ट आणि एक टिंबरवॉच असे चार एल्फ होते, त्याच्याकडे पाच. त्याचे दहा लाइफ उरले होते. त्याने आपल्या पाळीला मॅनासाठी चार एल्फ आडवे केले आणि अडवायला एकच उभा ठेवला. मी दोन्ही लॅनोवर चढाईला पाठवले, त्याने एकाला अडवले, आणि मी टिंबरवॉच टॅप करून दुसऱ्यावर बोट ठेवले. तो म्हणाला, चार वाढले, म्हणजे पाच, चालेल. मी त्याला पान वाचायला दिले. त्यावर 'तुमच्या ताब्यातील' असे कुठेही लिहिलेले नाही. मैदानातील सगळे एल्फ मोजायचे असतात, त्याचेही. माझे चार, त्याचे पाच, आणि लॅनोवरची स्वतःची एक ताकद.

तो आता आपल्या डेकमधून टिंबरवॉच काढून टाकणार आहे म्हणतो. मी काही बोललो नाही.